कर्जबाजारी कंपनी आधी नमते का?

डोक्यावर कर्ज असलेला माणूस सौद्यात लवकर नमतो, हा बाजारातला अनुभव. म्हणून कर्जात बुडालेली आरोग्यसेवा कंपनीही विमा कंपनीपुढे पडतं घेत असेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या एन्व्हिजन हेल्थकेअरचं उदाहरण वेगळं सांगतं. रुग्णालयांना आपत्कालीन विभागाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ पुरवणारी ही कंपनी केकेआर या गुंतवणूक संस्थेने २०१८ मध्ये सुमारे ९९० कोटी डॉलरना विकत घेतली. मग कर्ज केकेआरचं, कंपनीला त्याची झळ कशी? हा आणखी एक गैरसमज. अशा व्यवहारात बराचसा पैसा कर्जाऊ असतो आणि ते कर्ज खरेदीदाराच्या नव्हे, विकल्या गेलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. एन्व्हिजनवर ते ७०० कोटी डॉलरच्या वर होतं. एवढं व्याज भागवायचं तर दर उतरवणं परवडत नाही. त्यामुळे अशी कंपनी नमण्याऐवजी अडून बसते.

मात्र या अडून बसण्यातलं बळ कर्जाचं नव्हतं. छातीत कळ आलेला रुग्ण डॉक्टर निवडत बसत नाही. करार फिसकटला की डॉक्टर विम्याच्या नेटवर्कबाहेर जायचे आणि मोठं बिल रुग्णाच्या माथी मारता यायचं. घासाघिशीतलं खरं हत्यार हेच. १ जानेवारी २०२२ पासून अशा अनपेक्षित बिलांवर कायद्याने बंदी आली. आता वाद लवादाकडे जातो आणि लवाद दोघांनी सांगितलेल्या रकमांपैकी एकच निवडतो. युनायटेड हेल्थकेअर या विमा कंपनीशी असलेला करार तर २०२१ च्या सुरुवातीलाच संपला होता. लवादाचा निकाल लांबला तरी विमा कंपनीच्या तिजोरीला धक्का नव्हता. एन्व्हिजनच्या व्याजाची तारीख मात्र कुणासाठी थांबत नव्हती. त्यातच २०२२ मध्ये व्याजदर चढले. उसनं अवसान उघडं पडलं.

यावर आक्षेप येतो की खरा दोष विमा कंपनीचा, तिनेच पैसे अडवले. त्यात तथ्य आहे. करार चालू असताना त्याचा भंग करून कमी दर दिल्याबद्दल युनायटेड हेल्थकेअरने एन्व्हिजनला ९.१ कोटी डॉलर द्यावेत, असा निवाडा लवादाने २०२३ मध्ये दिला. पण ही रक्कम कर्जाच्या जेमतेम सव्वा टक्का भरते. कर्ज माफक असतं तर हा निवाडा विजय ठरला असता. इथे तो समुद्रात ओंजळभर पाणी ठरला. मे २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. दिवाळखोरी म्हणजे दवाखान्याला टाळं, हाही समज इथे लागू पडत नाही. अमेरिकी कायद्याच्या ज्या प्रकरणाखाली हा अर्ज झाला, ते कर्जाच्या फेररचनेचं आहे, त्यामुळे कंपनीचं काम चालूच राहिलं. सुमारे ५६० कोटी डॉलरचं कर्ज उतरलं, मालकी कर्ज देणाऱ्यांकडे गेली आणि केकेआरचं भांडवल बुडालं.