कार्ड मिळाले, अर्थ कळला का?

सिकलसेल हा शब्द गोंदिया जिल्ह्यात आता कुणाला नवा नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे तर घरोघरी ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. रक्त तपासले जाते, कार्ड मिळते. पण कार्डावरच्या अक्षरांचा अर्थ कोणी समजावून सांगतो का, हा आमचा प्रश्न आहे.

'एएस' म्हणजे वाहक. आईकडून किंवा वडिलांकडून, एकाकडूनच सिकलसेलचा गुण आलेला. अशी व्यक्ती सहसा आजारी नसते. 'एसएस' म्हणजे दोघांकडूनही तो गुण आलेला रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अंग असह्य दुखते. पहिल्या साध्या चाचणीत हा फरक कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. तोवरच 'तुमच्या पोरीला सिकल निघाला' असे कोणी चारचौघांत बोलले, तर जुळत आलेली सोयरीक मोडते. म्हणून निकाल एकांतात, ज्याचा त्यालाच सांगावा.

दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणी बाळ 'एसएस' होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तिन्ही सुटली' हा समज चुकीचा आहे. चिठ्ठी दर वेळी नव्याने उचलली जाते. वाहकाचा जोडीदार 'एए' असेल तर 'एसएस' मूल होत नाही. तेव्हा लग्नाआधी पत्रिका राहू द्या, कार्डे जुळवा. लग्न झालेल्या वाहक जोडप्यांनी दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय त्या दोघांचा.

आणखी एक. विदर्भात हा गुण आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत अधिक आढळतो, म्हणून काही जण 'रक्तच खराब' म्हणतात. हे खोटे आहे. वाहकाला मलेरियाच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळते, त्यामुळे मलेरियाच्या मुलखांत हा गुण टिकला. तो आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे.

भगिनींनो, दोष आईचा नाही, सुनेचा नाही. आशाताई कार्ड देतील तेव्हा विचारा : मी वाहक की रुग्ण? माझ्या मुलांचे काय? आता काय करायचे? उत्तर समजेपर्यंत पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.