सेकंदाला एक कटिंग

ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघालं की जुन्नर तालुक्यातलं मढ लागतं. पिंपळगाव जोगे धरणाच्या परिसरातलं हे गाव. या पट्ट्यात ‘एचपी’ हा शब्द गाडीच्या जाहिरातीतून नाही, विहिरीवरून आला. तीनची मोटार, पाचची मोटार, साडेसातची मोटार. पाणी किती फुटांवरून उचलायचं, पाइप दोन इंची टाकायचा की अडीच, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. हजार एचपीच्या गाडीसाठी पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप कसा निवडायचा आणि त्याच्या नळ्या कशा जोडायच्या, हे समजून घ्यायला म्हणूनच विहिरीचा काठ ही उत्तम जागा आहे. हिशेब तोच असतो, आकडे मात्र डोळे विस्फारायला लावतात.

सुरुवात ओळखीच्या मोटारीपासून करू. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे दर सेकंदाला ७६ लिटर पाणी एक मीटर वर उचलण्याची ताकद. पाचची मोटार १०० फुटांवरून पाणी काढत असेल आणि निम्मी ताकद मोटारीत-पंपातच खर्ची पडते असं धरलं, तर सेकंदाला सहा लिटरांच्या आसपास धार मिळते. हे सहा लिटर लक्षात ठेवा, पुढे लागतील.

घरच्या छोट्या कारचं इंजिन ८०-९० एचपीचं असतं. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. अशा शर्यतींसाठी इंजिनाला मोठा टर्बो जोडून त्याची ताकद कित्येक पटींनी वाढवणारे लोक असतात. हजार एचपी हा त्यांच्या स्वप्नातला गोल आकडा.

या आकड्याला पेट्रोल किती लागतं? गॅरेजमधला जुना ठोकताळा असा की टर्बो इंजिनाला एक एचपी तासभर टिकवायला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. हजार एचपीला तासाला २७० किलो, म्हणजे सुमारे ३६५ लिटर. मिनिटाला सहा लिटर. सेकंदाला १०० मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाचा एक ग्लास.

दर सेकंदाला एक कटिंग, हे ऐकायला फारसं वाटत नाही. पण त्या ग्लासात ३३ लाख ज्यूल ऊर्जा असते. त्यातली चौथ्या हिश्श्याहूनही कमी चाकांच्या कामी येते, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे निघून जाते. तरीही हाताशी आलेल्या तेवढ्या ताकदीतून, घर्षण सोडून दिलं तर, १०० फूट खोल विहिरीतून अडीच हजार लिटर पाणी एका सेकंदात वर येईल. एवढं पेट्रोल जाळायला दर सेकंदाला ७५० लिटरांच्या आसपास हवा लागते. शांत बसलेला माणूस मिनिटाला सात-साडेसात लिटर हवा घेतो. म्हणजे हे एक इंजिन सहा हजार माणसांचा श्वास एकट्याने घेतं.

आता याच्या उलटा आकडा पाहा. ते १०० मिलिलिटर पेट्रोल साडेचार बारच्या दाबाने (हा आकडा कुठून आला ते पुढे पाहू) ढकलायला प्रत्यक्ष ताकद किती लागते? पन्नास वॅटसुद्धा नाही. छताच्या साध्या पंख्याला याहून जास्त वीज लागते. म्हणजे पन्नास वॅटच्या ढकलण्यावर साडेसात लाख वॅट उभे असतात. सगळं घर एका बोटभर खुंटीवर टांगलेलं असावं, तसं हे आहे. म्हणून त्या खुंटीची काळजी घ्यायची.

पहिली काळजी हेडची. शेतकरी दुकानात नुसतं ‘पाणी किती देतो?’ असं विचारत नाही, ‘किती फुटांवर किती देतो?’ असं विचारतो. पेट्रोलच्या पंपालाही हाच प्रश्न विचारायचा असतो. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नळीत साधारण तीन बार दाब ठेवतात. टर्बो दीड बार दाबाने हवा कोंबत असेल, तर इंजेक्टरच्या तोंडावरचा तो उलटा दाब भरून काढायला पेट्रोलचा दाबही दीड बारने वाढवावा लागतो. साडेचार बार म्हणजे सुमारे दीडशे फूट पाण्याचा हेड. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पेट्रोलचा स्तंभ धरला तर दोनशे फूट. पंपावर तासाला २५५ किंवा ४५० लिटर छापलेलं असतं ते कमी दाबावरचं. दाब वाढला की धार बारीक होते. ३६५ लिटरांत वीस टक्के राखीव धरले तर तासाला सुमारे ४४० लिटर हवेत, तेही साडेचार बारवर. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यात लिटरमागे ऊर्जा सुमारे सात टक्के कमी, म्हणजे तेवढी धार आणखी वाढवायची. ४५० छापलेला एकच पंप इथे अपुरा पडतो, दोन लावावे लागतात.

दुसरी काळजी ओढण्याची. पंप ढकलण्यात वाघ असतो, ओढण्यात शेळी. हवेचा दाब पाण्याला फार तर ३४ फूट चढवतो, आणि काठावरची मोटार प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांच्या पुढे दम टाकते. म्हणून खोल बोअरमध्ये मोटारच पाण्यात सोडतात. पेट्रोल तर पाण्याहून कितीतरी लवकर वाफ होणारं. सक्शनच्या नळीत जरा ओढ बसली की ते तिथेच उकळतं, बुडबुडे होतात आणि पंप हवा धरतो. म्हणून हा पंप टाकीतच बुडवलेला असतो, सबमर्सिबलसारखा. त्याच्या मोटारीत ब्रश असतात, ब्रशांवर ठिणग्या उडतात आणि पेट्रोल त्या मोटारीच्या पोटातूनच वाहतं. आग लागत नाही, कारण तिथे हवा नसते. तेच पेट्रोल मोटारीला थंड ठेवतं. सक्शनला जाळी मोठ्या छिद्रांची, सुमारे १०० मायक्रॉनची ठेवतात. बारीक, १० मायक्रॉनचा फिल्टर ढकलण्याच्या बाजूला लावतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो.

तिसरी काळजी नळीची. शर्यतीच्या गाड्यांत नळ्यांना सहा, आठ, दहा असे नंबर असतात. नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. दोन पंपांची मिळून तासाला आठशे लिटर धार सहा नंबरच्या नळीतून सेकंदाला पावणेचार मीटरच्या वेगाने घासत जाते, आठ नंबरमधून सव्वादोन मीटरने. नळीतला दाबाचा तोटा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केला तर तोटा ३२ पट. सहावरून आठवर गेलं, म्हणजे आतून जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदी वाढवली, की तोटा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. दोन इंची पाइपावर अडलेलं पाणी अडीच इंचीवर मोकळं होतं, ते याच नियमाने.

चौथी काळजी व्होल्टेजची. संध्याकाळी लाइट कमी दाबाने आली की मोटार नुसती गुणगुणते, हे कुणाला सांगायला नको. गाडीतला असा पंप १५ ते २० अँपिअर खातो. वायर आणि जोड मिळून विसाव्या हिश्श्याचा ओहम अडथळा असला तरी २० अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच गळतो. बारा-तेरा व्होल्टांच्या घरात एक व्होल्ट म्हणजे मोठी गळती. म्हणून बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये रिले आणि फ्यूज.

आणि परतीची नळी. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन तासाला एक-दोन लिटर पितं, पंप मात्र आठशे फिरवत असतात. पंप पूर्ण वेगाने चालू ठेवले तर ४५ लिटरांची अख्खी टाकी साडेतीन मिनिटांत एकदा पंपातून जाते, आणि जवळजवळ सगळी परत येते, प्रत्येक फेरीत थोडी तापून. तापलेलं पेट्रोल सक्शनला पुन्हा उकळायला तयार. म्हणून परतीची वाटही ऐसपैस हवी.

एवढं सगळं ज्याच्यासाठी करायचं, तो थेंब केवढा? सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला ३५० वेळा इंजेक्टर उघडतात. प्रत्येक वेळी ०.३ मिलिलिटर, म्हणजे सहा थेंब. धार फक्त दहाव्या हिश्श्याच्या सेकंदापुरती कमी पडली, तरी ३५ ठिणग्यांना पोटभर पेट्रोल मिळत नाही. आतली ज्वाला दोन हजार अंशांच्या वर, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांच्या आतच वितळणारं. म्हणून बलाढ्य इंजिनांना गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल पाजतात, जळायला आणि थंडाव्यालाही. २००५ साली आलेल्या सुमारे हजार एचपीच्या बुगाटी वेरॉनची १०० लिटरांची टाकी पूर्ण वेगात १२ मिनिटांत रिकामी होते, ती यामुळेही.

आता वर पाहू. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरची ताकद सुमारे ११ हजार एचपी. ती नायट्रोमिथेनवर चालते, त्याच्या किलोत पेट्रोलच्या चौथ्या हिश्श्याएवढीच ऊर्जा. तिचा पंप इंजिनच फिरवतं आणि तो मिनिटाला ३८० लिटरांच्या आसपास देतो, म्हणजे सेकंदाला सहा लिटरांहून थोडं जास्त. विहिरीवरच्या आपल्या पाचच्या मोटारीची धार, जशीच्या तशी. त्याच्याही वर रॉकेटांची विकास इंजिनं. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये ती तयार होतात. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन निघालेल्या रॉकेटच्या एका टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. त्यांनी सुमारे २०० सेकंदांत ११० टन द्रव जाळला, सेकंदाला साडेपाचशे किलो. आणि सॅटर्न-५ चं एक एफ-१ इंजिन सेकंदाला अडीच हजार लिटर केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन गिळत असे. ते ढकलणाऱ्या पंपाची चक्कीच ५५ हजार एचपीची होती. तिथे पंप हेच एक प्रचंड इंजिन आहे.

मोटार नवी आणली की शेतकरी तिच्या पाटीवर विसंबत नाही. दोनशे लिटरांचा ड्रम धारेखाली लावतो आणि घड्याळ पाहतो. पेट्रोलच्या पंपालाही हीच परीक्षा आहे: उघड्या जागी, ठिणगी लांब ठेवून, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून. गाडीतल्याच वायरी, गाडीतल्याच नळ्या, दाब साडेचार बार. परतीची नळी कॅनमध्ये सोडायची आणि एक मिनिट मोजायचं. कॅनमध्ये आठ लिटर आले, तर हजार एचपीचं बोलायचं. सहा आले, तर इंजिनावर काहीही लिहिलेलं असो, सगळ्यात अरुंद जागा कुठे राहिली ती आधी शोधायची.