दोन मोटारसायकली आणि एक त्रैराशिक



गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरीं एक वाद निघाला. चिरंजिवांस पुण्याहून चाकणला नोकरीवर जाण्यायेण्यासाठीं मोटारसायकल घ्यावयाची होती. त्यांचें मन बजाजच्या पल्सर १२५ वर बसलें होतें. रात्रपाळीच्या आठवड्यांत त्यांना कंपनीची बस असते. तेव्हां गाडी सूनबाई वापरणार, आणि त्यांचा कौल होंडाच्या शाइन १२५ ला. निवाडा मजकडे आला. मी जन्मभर सायकलीवरून शाळेस गेलेला मनुष्य. यंत्राचें ज्ञान बेताचेंच. परंतु त्रैराशिक येतें, आणि दोन्ही कंपन्यांचीं माहितीपत्रकें घरांत येऊन पडलेलीं होतीं.

इंजिनें जवळजवळ एकाच मापाचीं : शाइनचें १२३.९ घन सेंटिमीटर, पल्सरचें १२४.४. शक्ति मात्र भिन्न. शाइनची सुमारें १०.७ अश्वशक्ति, पल्सरची ११.८. एवढ्यावरच तरुण मंडळी निकाल देऊन मोकळी होतात. पण त्याच पत्रकांत वजनहि दिलेलें असतें, तें कोणी वाचीत नाहीं. शाइन सुमारें ११४ किलो, पल्सर १४०. हा २६ किलोंचा फरक म्हणजे सिमेंटचें अर्धें पोतें सदैव बरोबर बाळगण्यासारखें आहे.

आतां हिशेब पाहूं. चालक ६५ किलोंचा धरला, तर एकूण वजन शाइनचें १७९ व पल्सरचें २०५ होतें. दर शंभर किलोंमागें शाइनच्या वांट्यास जवळजवळ सहा अश्वशक्ति येते, पल्सरच्या वांट्यास पावणेसहा. कागदावर बलवान ठरलेली गाडी येथें मागें पडली! मागें ६० किलोंची दुसरी व्यक्ति बसविली, कीं दोहोंचा वांटा साडेचारच्या आसपास येऊन फरक मिटतो. शिवाय चाक फिरविणारा जो जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो शाइनचें इंजिन मिनिटास ६००० फेऱ्यांवर पुरा देतें, पल्सरचें ६५०० वर. सिग्नलवरून निघतांना हा फरक हातास जाणवतो.

चिरंजीव म्हणाले, "अप्पा, नाशिक रस्त्यावर कंटेनर शेजारून गेला, कीं हलकी गाडी हेलावते." हें मला मान्य करावें लागलें. जड गाडी वाऱ्याच्या धक्क्यास सहसा दाद देत नाहीं. पल्सरच्या दोन चाकांमधील अंतरहि कांहींसें अधिक आहे, त्यामुळें ती वेगांत अधिक स्थिर वाटते. माझ्या त्रैराशिकांत वारा धरलेलाच नव्हता.

पेट्रोलाचा वाद मीं लौकर मिटविला. समजा, एक गाडी लिटरास ६० किलोमीटर ॲव्हरेज देते व दुसरी ५०. रोजचे ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५०० किलोमीटर. एकीस २५ लिटर लागेल, दुसरीस ३०. लिटरास शंभर रुपये धरले, तरी फरक महिन्यास पांचशेंचा.

ब्रेकच्या बाबतींत मात्र मीं ऐकलें नाहीं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांत १२५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकीस निदान जोडब्रेक तरी सक्तीचे झाले. पायाचा ब्रेक दाबला कीं पुढचाहि थोडा लागतो. पण जोडब्रेक चाकास घसरूं देणार नाहीं असें नव्हे. तें काम एबीएसचें. शाइनचा पुढें ड्रम असलेला प्रकार स्वस्त पडतो. पण ड्रम तापला वा भिजला, कीं पकड मंदावते. घेणें तर पुढें डिस्क असलेलीच, हें मीं निक्षून सांगितलें. चाकणच्या रस्त्यावर रोज माझाच मुलगा जाणार होता.

शेवटीं आम्हीं तिघेंहि दुकानांत गेलों. विक्रेत्याचें व्याख्यान चालूं असतांना मीं सूनबाईंस सांगितलें कीं, दोन्ही गाड्या बंद ठेवून, हातानें ढकलीत मागें घेऊन वळवून दाखवा. आमच्या बोळांत हें रोज करावें लागतें. शाइन त्यांनीं एका दमांत वळविली. पल्सर कलूं लागली, तेव्हां चिरंजिवांनींच धांवून तिला आधार दिला.

डिस्कवाली शाइन घेतली, आणि दोन हेल्मेटें. चिरंजीव अद्यापि शेजारच्या पल्सरकडे पाहत उभे राहतात. मी वर्तमानपत्र वाचीत असतों.