पुस्तक मिटल्यावर

रायपूर शहराच्या उत्तरेस बीरगांव आहे. शेजारीच उरला येथील औद्योगिक वसाहत असल्यामुळे ठिकठिकाणांहून कामासाठी आलेल्या माणसांनी ही वस्ती वाढविली. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेले एखादे मराठी कुटुंब येथे राहत आहे असे आपण धरू. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत त्या घरचा दहावीतला मुलगा वावरतो. वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात. मुलगा कोपऱ्यात बसून विज्ञानाचा धडा वाचतो, ओळींखाली रेघा ओढतो आणि तोच धडा पुन्हा वाचतो. चौथ्या खेपेस सारे शब्द ओळखीचे वाटू लागतात व तो समाधानाने पुस्तक मिटतो. परीक्षेत मात्र प्रश्न जरा निराळ्या बाजूने येतो. पान डोळ्यांपुढे उभे राहते, त्यावरील आकृतीही दिसते, पण मजकूर काही केल्या आठवत नाही. गुण कमी पडले की घरचे म्हणतात, ‘याला डोकेच नाही.’ मुलालाही ते खरे वाटते. आणि कारखान्याचे फाटक तर जवळच असते.

श्रोतेहो, येथे दोष बुद्धीचा क्वचितच असतो. ओळखणे आणि आठवणे या दोन क्रिया भिन्न आहेत. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आणि त्या ओळखीलाच मुलगा ज्ञान समजतो. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी याविषयी केलेले प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात एका गटाने चारही बैठका एकच उतारा वाचण्यात घालविल्या. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत तो वाचला आणि पुढील तीन बैठकांत, उताऱ्याकडे न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला हे चांगले लक्षात राहील, अशी खात्री अधिक कोणाला वाटत होती? वाचणाऱ्यांनाच! ही महाविद्यालयीन मुले होती खरी. परंतु शाळकरी मुलांवर आर्थर गेट्स यांनी १९१७ सालीच प्रयोग करून दाखविले होते की, अभ्यासाचा बराचसा वेळ वाचण्यापेक्षा न पाहता म्हणण्यात घालविणे फायद्याचे असते.

आपल्या घरांतून दिवेलागणीला परवचा म्हणत, त्यात हेच तत्त्व होते. घोकंपट्टी म्हणून आपण त्याला सरसकट नावे ठेवतो, हे मला अर्धेच पटते. पुस्तक बंद असे, हा त्याचा गुण. अर्थ कोणी विचारीत नसे, ही त्याची उणीव.

बीरगांवच्या मुलाला ती उणीव भरून काढण्याची एक सोय घरातच आहे. हिंदीत वाचलेले त्याने आईला मराठीत सांगावे. पुस्तकातील वाक्ये तेथे उपयोगी पडत नाहीत. अर्थ समजला असेल तरच सांगता येते. ‘वाष्पीकरणाने शीतलता येते’ हे पाठ म्हणता येईल, पण आईला सांगताना घाम, वारा आणि माठ यांच्याच भाषेत बोलावे लागते. आणि आईने सहज विचारले की, ‘मग पावसाळ्यात माठातले पाणी तितकेसे गार का होत नाही?’ तर हवेतील आर्द्रतेचा परिच्छेद त्याला पुन्हा उघडावा लागतो. विज्ञान न शिकलेली आई अशा वेळी उत्तम परीक्षक ठरते.

दोन भाषांमुळे मूल मागे पडते, अशी भीती अनेक पालकांना वाटते. त्यांनी माधवराव सप्रे यांचे स्मरण करावे. घरची भाषा मराठी असलेले आणि बिलासपूर व रायपूर येथे शिकलेले सप्रे १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढू लागले. त्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. दोन भाषांमधली ही ये-जा हेच त्यांच्या विद्वत्तेचे बळ होते, असे मला वाटते.

परीक्षा हिंदीत असते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मराठीत सांगून झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, थोडे विस्मरण होऊ द्यावे, आणि मग तेच उत्तर कोऱ्या कागदावर हिंदीत लिहावे. जेथे लेखणी अडेल तेवढाच भाग पुन्हा वाचावा; सबंध धडा नव्हे.