पिल्लाला धाक नको, लळा लावा

भाद्रपदात कुत्री माजावर येतात. तिथून साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, कोणाच्या कुटाराच्या कोठ्यात तर कोणाच्या गंजीच्या आडोशाला कुत्री व्याते. त्या वेळी सोयाबीन निघालेले असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, हरभरा वर आलेला असतो आणि वावरात रोही-रानडुकरांचा त्रास वाढलेला असतो. जागलीला सोबत एखादे कुत्रे असावे असे घरधन्याला वाटते. पोरांना तर ते हवेच असते. कारंजा तालुक्यातील धनज आणि भोवतालच्या गावांत दर हिवाळ्यात बऱ्याच घरी नवे पिल्लू येते ते असे.

पुढे वर्षभरात त्याचे काय होते? काही कुत्री घराची खरी राखण करतात. पण काही पाहुण्याच्या पोटरीला लागतात, शेजाऱ्याचे बकरीचे पिल्लू फाडतात, नाहीतर दिवसभर साखळीला बांधून उगीच भुंकत राहतात. मग आपण म्हणतो, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. शेपटापुरती ही म्हण खरी आहे. स्वभावाचे तसे नाही. तो बराचसा पहिल्या तीन महिन्यांत घडतो, आणि त्या काळात पिल्लू आपल्याच अंगणात असते.

घरी कधी आणावे?

पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. डोळे उघडले की पोरे त्याला उचलून घरी आणतात, ही पहिली चूक. सात-आठ आठवडे ते आईजवळच राहू द्यावे. दूध हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की भावंडांशी खेळताना जोरात चावले तर समोरचे पिल्लू केकाटते आणि खेळ मोडतो. दात किती जोराने लावावा, हे ते तिथेच शिकते. लवकर तोडलेले पिल्लू हा धडा न घेताच आपल्या पोरांच्या हाती येते.

मात्र आईजवळ ठेवायचे म्हणजे माणसापासून लांब ठेवायचे असे नाही. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा सहवास न देता पिल्ले वाढवली. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणले. काही पिल्लांना मात्र चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही. ती पुढे रानटी जनावरासारखी बुजरी निघाली आणि त्यांना माणसाळवणे फार जड गेले. १९६१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ वाया घालवू नये. पेरणीचा वाफसा जसा चार दिवस असतो आणि निघून जातो, तसेच हे आहे.

या दिवसांत पिल्लाला रोज थोडा वेळ हाताळावे. म्हातारी माणसे, लहान मुले, डोक्यावर भारा घेतलेली बाई, पागोटेवाला, सायकलवाला असे सगळे त्याला दिसू द्यावेत. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्राचा आवाज आधी लांबून ऐकवावा आणि त्याच वेळी भाकरीचा तुकडा द्यावा. भ्यायले तर ओढत जवळ नेऊ नये. चार पावले मागे यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

मारून काय होते?

गावात बसलो की कोणीतरी म्हणतोच, "साहेब, दोन रट्टे देल्ल्याबिगर कुत्रं काही ऐकत नाही." मार दिला की पिल्लू गप्प बसते, हे खरे. पण ते काय शिकते ते पाहावे. सकाळी ओसरीवर घाण केली आणि आपण दुपारी येऊन मारले, तर त्या दोन गोष्टींची सांगड त्याला घालता येत नाही. त्याला एवढेच कळते की हात उगारला की दुखते. पुढे एखाद्या लहान मुलाने प्रेमाने हात पुढे केला, तरी ते भ्यायलेले कुत्रे आधी चावते. चावणाऱ्या कुत्र्यांतली पुष्कळशी भित्री असतात.

राग यावा म्हणून तिखट चारणे, तापट व्हावे म्हणून कान-शेपूट कापणे, हे प्रकार साफ बंद करावेत. त्याने राखण सुधारत नाही. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे असे अवयव कापणे हा गुन्हा आहे.

भाकरीच्या तुकड्याची शाळा

शिकवण्याला खर्च नाही. रोजच्या भाकरीतलेच बोराएवढे तुकडे बाजूला ठेवावेत. पोट भरण्याआधी दोन-तीन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, एवढी शाळा पुरते.

नाव आधी शिकवावे. मोत्या, वाघ्या, राजा असे छोटे नाव ठेवावे. नाव घेतले आणि पिल्लाने पाहिले की लगेच तुकडा द्यावा. उशिरा दिलेला तुकडा फुकट जातो. दुसरा शब्द "ये". खाली बसून मोकळ्या हाताने बोलवावे, आले की शाबासकी आणि तुकडा. "ये" म्हणून बोलावून कधीही मारू नये, नाहीतर ते पुन्हा येणार नाही. तिसरा शब्द "बस". तुकडा नाकासमोरून हळूच डोक्यावर न्यावा. मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी "बस" म्हणून तुकडा द्यावा. पाठ दाबून बसवण्याची गरज नाही.

घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. एक जण "बस" म्हणतो, दुसरा "खाली हो" म्हणतो, तर पिल्लाने कोणाचे ऐकावे? आपल्याकडे तर उठता-बसता "हाड" चालू असते. दिवसातून पन्नास वेळा ऐकलेल्या "हाड"ला पुढे अर्थ उरत नाही. आणि पोरांनी गंमत म्हणून कोंबड्यांवर, बकऱ्यांवर "छू" करू नये. खेळात लागलेली ही सवय पुढे मोठी महागात पडते.

या शाळेची खरी मास्तरीण घरची बाई असते. जिच्या हातून भाकर मिळते, तिचे पिल्लू आधी ऐकते. म्हणून हा मजकूर माय-बहिणींनी जरूर वाचावा, किंवा वाचून घ्यावा.

रोजच्या चार अडचणी

_घाण करणे:_ झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ झाल्यावर लगेच कुंपणाकडच्या ठरलेल्या जागी न्यावे. तिथे केले की कौतुक करावे. नाक घाणीत घासू नये.

_चावणे:_ दात लागला की ओरडून हात सैल सोडावा आणि खेळ थांबवावा. चावायला जुन्या धोतराचा गाठी मारलेला पिळा द्यावा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, तोवर हा त्रास असतोच.

_खाताना गुरगुरणे:_ पोरांनी जेवत्या पिल्लाला छेडू नये. मोठ्या माणसाने अधूनमधून त्याच्या भांड्यात आणखी एक तुकडा टाकावा. हात आला म्हणजे वाढायला आला, हे त्याला समजते.

_बांधणे:_ बैलाची साखळी पिल्लाच्या गळ्यात घालू नये. हलका सुती पट्टा, आत दोन बोटे जातील इतका सैल. पहिल्यांदा खाण्याच्या वेळीच थोडा वेळ बांधावे.

बकऱ्या आणि वावर

चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात हिंडत होता. तिथल्या मेंढपाळांची पद्धत त्याने लिहून ठेवली आहे. अगदी लहान पिल्लाला ते मेंढीचे दूध पाजत आणि मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून वाढवत. असे कुत्रे मोठेपणी कळपालाच आपले घर मानून राखण करी. आपल्याला इतके करायला नको. पिल्लाला रोज बकऱ्यांच्या वाड्याजवळ दोरीने धरून बसवावे. शांत बसले तर तुकडा, झेप घेतली तर मुकाट्याने लांब न्यावे. मोठी बकरी शिंग मारणार नाही याकडेही लक्ष असू द्यावे.

सहा महिन्यांच्या आतले पिल्लू जागलीला नेऊ नये. रानडुकराच्या सुळ्यापुढे ते टिकत नाही. वावरातल्या कुत्र्याचे काम भुंकून सावध करण्याचे आहे, पाठलागाचे नाही. आपल्या तालुक्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे आणि काळविटाला कायद्याचे कडक संरक्षण आहे. हाक मारताच परत फिरणारे कुत्रे काळविटाच्या पाडसामागे जात नाही आणि मालकालाही अडचणीत आणत नाही.

सुईशिवाय शिक्षण अपुरे

पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. कुत्र्याचे जंत पोरांच्या पोटातही जातात. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याविरुद्धची लस टोचावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा टोचून घ्यावी. कांदा खाऊ घालू नये, शिजवलेली हाडे देऊ नयेत.

आणि हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पिल्लू लहान आहे, त्याच्या दाताने काय होते, असे म्हणून गप्प बसू नये. पिल्लूही पिसाळलेले असू शकते. दात लागला किंवा ओरखडा उठला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी आणि सगळ्या सुया पुऱ्या कराव्यात. पोटात चौदा सुया घेण्याचे दिवस गेले; आता सुया दंडात टोचतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही, पण वेळेवर उपचार घेतला तर तो टाळता येतो. पोरे मार खाण्याच्या भीतीने चावल्याचे लपवतात. म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवावे की चावले तर घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. इकडे घरोघरी दत्ताची तसबीर असते आणि तिच्यात पायाशी चार कुत्री असतात. सकाळी तिला हात जोडून दारच्या पिल्लाला लाथ घालणे आपल्याला शोभत नाही. यंदा मार्गशीर्षात पिल्लू आणायचे असेल, तर आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची चौकशी करून ठेवा, घरातल्या सगळ्यांनी बसून त्याचे नाव आणि तीन शब्द ठरवा, आणि मगच ते घरी आणा.