तुटण्याआधी तार सांगते

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचा सगळा जीव त्याच्या उजव्या मुठीत असतो. मूठ पिळली की गाडी पळते, सोडली की मंदावते. मुठीचा हा हुकूम इंजिनापर्यंत नेते ती एक साधी तार. गॅरेजमधली मंडळी तिला ‘एक्सलेटर वायर’ म्हणतात.

बाहेर जाड नळी आणि आत सरकणारी पोलादी तार, ही रचना सायकलच्या ब्रेकलाही असते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी तिचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. वळणावळणांनी ओढ पोचवायची ही युक्ती आजही टिकून आहे. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचं इंजेक्शन आलं, पण काही गाड्या सोडल्या तर मुठीपासून निघणारी तार तीच राहिली.

बँकेच्या नोकरीत मी माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्या मोटारसायकलवरून पालथ्या घातल्या. एकदा भर उन्हात, चढावर ही तार तुटली. मूठ सैल फिरू लागली, इंजिन मात्र शांतपणे पुटपुटत राहिलं. कार्ब्युरेटरमधली स्लाइड तार वर ओढते आणि स्प्रिंग खाली ढकलते. तार गेली की स्प्रिंग रेस बंद करते. गाडी घडवणाऱ्यानं तार तुटेल तेव्हाचाही विचार करून ठेवला होता!

धोका असतो तो तुटलेल्या तारेपेक्षा तुटू लागलेल्या तारेचा. पीळ सुटलेला एखादा धागा नळीत अडकला, तर मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. आमच्या शेजारचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतो. परवा त्याच्या गाडीची मूठ मी फिरवून पाहिली, तर ती परत यायला आढेवेढे घेत होती. “काका, रविवारी बघतो,” तो म्हणाला. दुपारची वेळ गेली की त्याची अर्ध्या दिवसाची कमाई जाते, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला जाऊ दिलं नाही.

आम्ही दोघांनी वायर बदलली. त्याची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. इंजिन थंड झाल्यावर टाकी उतरवली. जुनी वायर काढण्याआधी नवी तिच्या शेजारून तशाच वळणानं नेली. कार्ब्युरेटरचं झाकण उघडून स्प्रिंग दाबली आणि तारेच्या टोकाचा मणी खाचेतून सोडवला. नव्या वायरीत तेल सोडून ती जोडली. स्लाइड तिच्या खाचेत नीट बसवली, मुठीला किंचित ढिलाई ठेवली. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. वळवताना रेस वाढली, तर वायर कुठंतरी ताणली गेली आहे असं समजावं. ती वाढली नाही.

जुनी तार हातात घेऊन पाहिली, तर मण्याजवळचे बहुतेक धागे तुटलेले, दोन-तीनच शिल्लक. एका दिवसात असं होत नाही. बँकेत मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं अनुत्पादक ठरतं. पण जाणत्या अधिकाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. कर्जदार बाजारात दिसताच रस्ता ओलांडू लागतो. तेव्हाच त्याला हाक मारून चहाला बसवलं, तर पुष्कळदा खातं वाचतं आणि माणूसही. नोटीस पाठवायची वेळ आल्यावर दोघंही हातचे गेलेले असतात.

त्या दुपारी मुलाचं थोडं नुकसान झालं, तो खट्टूही झाला. पण जाताना त्यानं मूठ दोनदा पिळून सोडून पाहिली, हे मी पाहिलं.

आज रविवार. घरातली गाडी धुवायला निघेलच. मुलगी चालवत असो, जावई असो वा स्वतः आपण, इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. ती खटकन जागेवर आली पाहिजे. रेंगाळली, तर सोमवारची वाट पाहू नका.