तारणाची खात्री: तारखेची की नात्याची?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली आपल्या श्रद्धेची साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्टच सांगितले, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे. तो लाभायला पुढे सुमारे आठ वर्षे गेली. मधल्या काळात त्यांनी अमेरिका पालथी घातली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुण्याला हलवले. कॉर्नवॉलमधले धर्मोपदेशक विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र वाचून त्या चपापल्या. स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन करता करता या गृहस्थांचे परिवर्तन झाले होते! धर्माचे काम करणारा माणूसही धर्माच्या गाभ्याबाहेर असू शकतो, हे त्यांना त्यात दिसले. रमाबाईंना सिद्धान्त ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर जे वाद घालतात, ते भल्याभल्या पाद्र्यांना जड गेले असते. बाप्तिस्मा होता, ज्ञान होते, सेवा होती, खात्री नव्हती. मग ती येते कुठून? माझे म्हणणे असे की ख्रिस्ती माणसाची सार्वकालिक जीवनाची खात्री मागे घडून गेलेल्या एखाद्या घटनेची पावती नसते. ख्रिस्ताशी आज चालू असलेल्या नात्यात ती असते, आणि त्या नात्याबाहेर तिला वेगळे अस्तित्व नाही. हे मान्य केले तर चारशे वर्षांच्या एका कडाक्याच्या वादाचा बराचसा पीळ सुटतो.

आधी मूळ ग्रंथांकडे वळू. योहानाच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायातल्या प्रार्थनेत येशू सार्वकालिक जीवनाची व्याख्या करतो. त्या व्याख्येत मरणोत्तर कालावधीचा उल्लेखच नाही. देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणे म्हणजेच ते जीवन. पंधराव्या अध्यायात द्राक्षवेल आणि फाटे यांचा दाखला आहे, आणि तिथे सगळा भर वेलीत राहण्यावर आहे. एकदा फुटून आलेला, पण आता तुटलेला फाटा वाळतो. दहाव्या अध्यायात मेंढरांना माझ्या हातून कोणी हिसकावणार नाही असे ठाम अभिवचन आहे. पण ही मेंढरे कोणती, तेही त्याच दमात सांगितले आहे: वाणी ऐकणारी आणि मागे चालणारी. अभिवचन उचलायचे आणि ऐकणे-चालणे मागे टाकायचे, अशी सोय मजकुरात नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय तर यासाठी मुद्दाम वाचावा. दिव्य प्रकाशाचा अनुभव घेऊन पुन्हा पतन पावलेल्यांविषयी नव्या करारातला बहुधा सर्वांत कठोर इशारा तिथे आहे. काही ओळी खाली लेखक आपल्या वाचकांविषयी विश्वास व्यक्त करतो, आणि अध्याय संपता संपता आशेला जिवाचा नांगर म्हणतो. खात्री ही एक माहिती मानली, तर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. ती नात्यातली मानली, तर नांदतात. ज्याच्यावर विसंबून आहोत त्याला सोडू नका, हे सांगणे त्याच्यावरचा भरवसा वाढवणारेच असते.

योहानाचे पहिले पत्र तर सार्वकालिक जीवन आपल्याला आहे हे वाचकांना कळावे, याच उद्देशाने लिहिलेले आहे. त्यासाठी ते कोणतीही तारीख विचारत नाही. ख्रिस्तावर विश्वास आहे का, आज्ञा पाळता का, भावावर प्रीती करता का, एवढेच विचारते. तिन्ही प्रश्न वर्तमानातले आहेत.

आता त्या वादाचा इतिहास. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये, माणूस देवासमोर नीतिमान कसा ठरतो यावरचा हुकूम काढला आणि विशेष प्रकटीकरण नसताना आपण अखेरपर्यंत टिकणारच, असा निःसंशय दावा करणे निषिद्ध ठरवले. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने उलट श्रद्धेची व्याख्याच देवाच्या कृपेचे पक्के ज्ञान अशी केली. पुढे प्रॉटेस्टंटांतच फूट पडली. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये कॅल्व्हिनवादी शिकवणीवर आपली हरकत नोंदवली, आणि १६१८-१९ च्या डॉर्ट सिनॉडने निर्णय दिला की खरे विश्वासणारे शेवटी टिकतातच. गंमत अशी की एवढ्या ठाम निर्णयातही, विश्वासणाऱ्याला शंकांशी झुंजावे लागते आणि खात्री नेहमीच जाणवते असे नाही, ही कबुली आहे. १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर कबुलीनाम्याने तर खात्रीला स्वतंत्र प्रकरण देऊन ती डळमळू शकते असे नमूद केले.

या वादात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आर्मिनियसवादी म्हणतो, मनुष्य कृपेतून पडू शकतो. कॅल्व्हिनवादी म्हणतो, जो पडला तो मुळात आत नव्हताच. पण दुसरे उत्तर मान्य केले, तर आज मोठ्या उत्साहाने उभा असलेला माणूस ‘आत’ आहे की नाही, हे त्याच्या जुन्या अनुभवावरून कसे ठरवणार? उद्या पडलेल्याचा अनुभवही काल तितकाच खरा वाटत होता. म्हणजे दोघांनाही शेवटी आजच्या नात्याकडेच बोट दाखवावे लागते. तत्त्वज्ञानात ते वेगळे राहिले, तरी विश्वासणाऱ्याला सल्ला देताना एकाच ठिकाणी येतात. खरी घसरण झाली ती नंतर, एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनाच्या सभांमधून. पुढे या, प्रार्थना म्हणा, आता तुम्ही वाचलात! या पद्धतीने लाखो लोकांना सुरुवात करून दिली, हे खरेच. पण सुरुवात हीच पूर्तता आहे, हा समजही तिनेच रुजवला. मूळ वादात मात्र १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात खात्रीवर वेगळा भाग आहे, आणि स्वतःची दुर्बलता ठाऊक असूनही देवाच्या अभिवचनावर विसंबता येते, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झालेले दिसते.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो वजनदार आहे. नाते टिकवायचे म्हणजे शेवटी भार माझ्यावरच पडला. कर्माने तारण नाही म्हणायचे आणि मागच्या दाराने कर्मच आत घ्यायचे! याचे उत्तर पेत्राच्या कथेत आहे. लूक सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, असे येशू पेत्राला आधीच म्हणतो. त्याच रात्री पेत्र तीनदा नाकारतो. प्रार्थना फुकट गेली का? नाही. नाकारणारा पेत्र रडला, आणि योहानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्तच त्याला गाठून तीनदा प्रीतीविषयी विचारतो. जुना नकार हिशेबाला काढत नाही. नाते दुहेरी असले तरी त्याच्या दोन बाजूंचे बळ सारखे नसते. विश्वासणाऱ्याने राहायचे असते. धरून ठेवणारा दुसरा असतो. राहण्याला कर्म म्हणायचे असेल, तर श्वास घेण्यालाही कमाई म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. नाते म्हणजे जाणीव, आणि जाणीव तर रोज बदलते. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचे अंतःकरण २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत उबदार झाले, हे मेथडिस्टांना पाठ असते. पण जानेवारी १७३९ च्या रोजनिशीत तोच वेस्ली आपण ख्रिस्ती नाही असे लिहितो, आणि १७६६ मध्ये भाऊ चार्ल्सला लिहिलेल्या पत्रात त्याहून कोरडी कबुली देतो. कवी विल्यम कूपरचे तर आणखी दुःखद. जॉन न्यूटनसोबत त्याने रचलेली ऑल्नी गीते १७७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या मंडळ्या ती गाऊ लागल्या. तो स्वतः मात्र १७७३ च्या मानसिक आजारानंतर, देवाने आपल्याला टाकले आहे, या समजुतीतच १८०० साली वारला. त्याला नात्याबाहेर मानायचे का? मी मानणार नाही. जाणीव हे नात्याचे एक फळ आहे, तेच एकमेव नव्हे, आणि आजारी मनाची साक्ष तर अंतिम नव्हेच. योहानाचे पत्रच म्हणते, की आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव अंतःकरणाहून मोठा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. पती नारायण वामन टिळक यांच्या १८९५ च्या बाप्तिस्म्याने त्या कोसळल्या. मग सोवळेओवळे आणि जातिभेद हळूहळू गळत गेले, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हॅस्लमसारखा विजेचा लखलखाट शोधणारा निराश होईल. नाते जडल्याचा नेमका क्षण सांगता आला नाही, म्हणून ते जडलेच नाही असे होत नाही.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात सहज उठेल. एवढी खात्री बाळगणे हा अहंकार नव्हे काय? तारण कमावल्याचा दावा असता, तर तो अहंकारच ठरला असता. इथे दावा दुसऱ्याच्या विश्वासूपणाचा आहे. भक्तीच्या परंपरेत वाढलेल्याला हे समजणे फारसे अवघड जाऊ नये. नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगीच नव्हे. पण टिळकांपाशीच एक अवघड प्रश्नही आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. नाते हेच मुख्य, तर मग संस्कार आणि मंडळी कशासाठी? माझे मत असे की नात्याचा दावा एकट्याने करता येतो, पण त्याची पारख एकट्याला करता येत नाही. योहानाच्या तीन प्रश्नांतला एक भावावरच्या प्रीतीचा आहे, आणि भाऊ समोर असल्याशिवाय त्याचे उत्तर देणे शक्यच नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायकांसाठी रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन चालवले. टिळकांनीही एकांतातली गुहा न निवडता दरबारच भरवला. संस्थेची चौकट दोघांनाही काचली. माणसांची संगत मात्र त्यांनी सोडली नाही.